उसाच्या हंगामात बोटीचा सायलेन्सर

कारखान्याचा भोंगा झाला की मी आधी दोरीवरची धुणी आत ओढते. कसबा बावड्यातली कुठलीही बाई हेच करते. गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे पुढचे चार-पाच महिने चिमणीतून काळी काजळी उडणार आणि ती नेमकी पांढऱ्या कपड्यांचाच पत्ता शोधत येणार. ती झटकायची नसते, फुंकायची असते. झटकली की फासली जाते आणि मग साबणाच्या बापाचंही ऐकत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला या घरातली पहिली विद्या शिकवली ती ही, फुंकर मारण्याची. कपड्यांच्या बाबतीत ती मला जमली. बाकी बाबतीत माझा स्वभाव झटकण्याचाच राहिला.

यंदाचा भोंगा परवा झाला. कालपासून हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास भरून राहिलाय. बाहेरगावचे पावणे नाकाला रुमाल लावतात. मला त्या वासानं भूक लागते, खोटं कशाला बोलू? रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली आहे. मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांच्यावर घराच्या माळ्याला टेकेल इतका ऊस. इतकी वर्षं बघतेय, तरी पहिल्या दिवशी मी फाटकाशी जाऊन उभी राहतेच. पण मी ऊस बघत नसते, ट्रॅक्टरांचे आवाज ऐकत असते.

कारण आमचा धंदा सायलेन्सरचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पत्र्याचं वर्कशॉप आहे आणि आमचाही हंगाम उसाबरोबरच सुरू होतो. दुप्पट माल ओढून ट्रॅक्टरांचे सायलेन्सर फाटतात. फाटका सायलेन्सर घेऊन आलेल्या माणसाला काय झालंय ते विचारावं लागत नाही, तो कोपऱ्यावरच्या तिकटीला असतानाच कळतं. बिद्रीकडचे, गडहिंग्लजकडचे, पार सीमेपलीकडचे ट्रॅक्टरवाले कारखान्यावर ऊस उतरवून आमच्या दारात येतात. त्यांच्यासाठी मी चहाचं भलंमोठं पातेलं ठेवलेलं असतं. लोकांना हंगाम म्हटला की काकवी आठवते, मला काळा धूर आणि गोड चहा.

पण दर वर्षी या दिवसांत माझं मन एकाच हंगामाकडं ओढ घेतं. नव्वदच्या दशकातला तो. मोबाईल अजून आले नव्हते, दुकानात काळा फोन होता आणि आमचे हे चाळिशी ओलांडून पन्नाशीकडं निघाले होते. सगळं उद्यमनगर त्यांना मिस्त्री म्हणतं, आणि घरात मीही तेच म्हणते. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत अशी परस्पर भागून गेली.

मिस्त्रींचं नाव होतं ते त्यांच्या कानावर. इंजिन चालू करा म्हणायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे, तिसरा प्लग मारत न्हाय. किंवा सायलेन्सर ठीक हाय, व्हॉल्व्ह गळतोय, उगं माझ्याकडं पैसे घालवू नगा. एवढ्या लांबून लोक आमच्याकडं यायचे ते या कानासाठी. वेल्डिंग काय, कुणीही करतं. आमच्याच गल्लीत सायलेन्सरची आणखी तीन दुकानं होती.

आणि त्या हंगामाच्या आधीच्या वर्षभरात मला एक गोष्ट कळून चुकली होती. मिस्त्रींचा कान चालला होता.

आयुष्यभर उघड्या सायलेन्सरपुढं डोकं घालून बसलेला माणूस, दुसरं काय होणार? आधी कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या राहिल्या. मग फोन. मग माणसांच्या तोंडाकडं बघून उत्तरं द्यायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "सर्दी हाय." सर्दी वर्षभर राहिली. मीही मग काही बोलले नाही. सकाळी घरचं आवरून वर्कशॉपवर जायला लागले, गिऱ्हाईक बोललं की त्याचं बोलणं मोठ्या आवाजात परत म्हणायला लागले. "काय म्हणताय? चढाला लागलं की फट फट करतंय?" मिस्त्री माझ्याकडं बघून मान हलवायचे. लोकांना वाटायचं, मिस्त्रीची बायको लई बडबडी. वाटू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात एका दुपारी, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून, एका ट्रॉलीवर बसून बोट आली.

उद्यमनगरात विमान आलं असतं तरी लोकांनी आधी त्याचा पाना कितीचा बसतो ते बघितलं असतं, पण बोट बघून ते पाना विसरले. अठरा फुटी, फायबरची, लाल रंगाची, नाक निमुळतं आणि वर उचललेलं. कुणीतरी विचारलं, "मिरवणुकीला हाय काय?" ट्रॅक्टरवरून उतरले बसवराज अण्णा. गडहिंग्लजचे गुळाचे व्यापारी, धिप्पाड माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, शिवपूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारे. घरात कानडी, बाजारात मराठी. गोव्यात लग्नाला म्हणून गेले आणि ही जुनी वेगाची बोट घेऊन आले. आमच्याकडं याला नाद म्हणतात. कुणाला बैलांचा असतो, कुणाला कबुतरांचा. अण्णांनी पाण्याचा धरला. बेळगावकडच्या त्यांच्या एका पाहुण्याकडं तसलीच बोट होती, आणि संक्रांतीनंतर नदीवर शर्यत, अशी दोघांची पैज लागली होती.

"येन मिस्त्री," अण्णा म्हणाले, "इंजिन चांगलं हाय, पण दम कोंडलाय बघा त्याचा. धूर बाहेर पडंना. सायलेन्सर नवा पायजे. आणि आवाज असा पायजे, बंधाऱ्यावरचं एक बगळं जाग्यावर राह्यलं न्हाय पायजे!"

मी सगळं मोठ्यानं परत म्हटलं. मिस्त्रींनी बोटीला एक फेरी मारली, बोनेट उघडावं तसं मागचं झाकण उघडलं, आत वाकले, आणि म्हणाले, "करतो की." जन्मात बोटीत न बसलेला माणूस! पण मला त्याचं नवल वाटलं नाही. कोल्हापुरात ‘जमणार नाही’ हे वाक्य लोक फक्त उधारीच्या वेळी वापरतात.

जुनं काम खोललं तर इंजिनाला चिकटलेला धुराचा मार्ग, म्हणजे चार तोंडांचा बिडाचा जड तुकडा, समुद्राच्या खारानं आतून पार खाल्ला होता. गंजाचे पापुद्रे निघत होते. कापून बघितलं तर त्याला दोन भिंती, आणि मधे पोकळी. आमचा वेल्डर बाबालाल चक्रावला. त्याच्यासारखा आर्गन वेल्डिंगचा हात उद्यमनगरात दुसरा नव्हता, त्यानं आयुष्य डेअरीच्या टाक्या शिवण्यात घालवलं होतं. तो म्हणाला, "दोन भिंती कशाला ओ? गंमत म्हणून?"

मिस्त्री दोन दिवस त्या तुकड्याकडं बघत बसले. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा मला एकदम उमगलं. मी म्हटलं, "अहो, हा तर दुधाचा कुकर हाय!" घराघरात तेव्हा ते दुहेरी भांडं असायचं, मधे पाणी घालायचं, म्हणजे दूध करपत नाही. बोटीचं इंजिन झाकणाखाली कोंडलेलं, त्याला वारा कुठला? सायलेन्सर लालबुंद झाला तर फायबर पेटेल. म्हणून धुराच्या नळीभोवती नदीचंच पाणी खेळवायचं आणि शेवटी ते धुरातच सोडून मागून बाहेर टाकायचं. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मग बाबालालकडं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "माझ्या डोक्यात तेच होतं." मी जेवणाचा डबा उघडला. संसारात काही श्रेयं अशी सोडून द्यायची असतात.

मग जे तीन आठवडे गेले, तसे आमच्या वर्कशॉपनं परत पाहिले नाहीत. बीड नको, हलकं पाहिजे, म्हणून भंगार बाजारातून डेअरीचे स्टेनलेसचे पाईप आणले. बाबालालनं ते असे कुरवाळले की जणू माहेरचं माणूस भेटलं. पाईप वाकवताना चपटा होऊ नये म्हणून त्यात वाळू ठासून भरतात, आणि ती हाडासारखी कोरडी लागते, नाहीतर तापवल्यावर ओलीची वाफ होऊन पाईप फुटतो. मागच्या गल्लीत चुरमुऱ्याची भट्टी होती, तिथली भाजलेली वाळू मी बादलीनं मागून आणायची. अजूनही भडंग खाताना मला तापलेल्या लोखंडाचा वास आठवतो. आतला पाईप वाकवायचा, बाहेरचा उभा चिरून दोन फाकी करायच्या, त्या आतल्यावर बसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांचा खोळंबा झाला. ड्रायव्हर शिव्या द्यायचे आणि मग स्वतःच आत येऊन पाईपाचं दुसरं टोक धरून उभे राहायचे.

याच दिवसांत आम्ही ती चूक केली, आणि ती करताना सगळे जण खुशीत होतो. जुन्या कामात धुराची वाट इंजिनापासून आधी वर चढायची, मानेसारखं एक उंच वळण घ्यायची, आणि मग उतरून मागच्या फळीतून बाहेर पडायची. मिस्त्रींच्या धंद्याचा पहिला नियम, वळण कमी तर श्वास मोकळा. ते म्हणाले, "वर चढायचं आन् खाली उतरायचं, घाट हाय व्हय?" त्यांनी ती मान काढून टाकली आणि पाईप सरळ, सखल मागं नेला. पाईपाच्या शेपटाला रबराची एक झडपही होती. बाबालाल म्हणाला, "मिस्त्री, ह्यो मडफ्लॅप." बोटीला मडफ्लॅप! आम्ही पोट धरधरून हसलो. गोव्याच्या लोकांची कीव केली. झडप भंगारात गेली. कोरड्या जमिनीवर जन्म काढलेल्या माणसांना हे कसं सुचावं की सायलेन्सरमधून धूर बाहेर जातो, तसं पाणी आतही येऊ शकतं?

चाचणी वर्कशॉपच्या अंगणातच घेतली, ट्रॉलीवर. पिंपातून नळीनं इंजिनाला पाणी दिलं. नाक वर, शेपूट खाली अशी बोट ट्रॉलीवर बसलेली, त्यामुळं पाणी आपोआप मागून पडत होतं. बाबालालनं स्टार्टर मारला आणि सगळं उद्यमनगर हातातलं काम टाकून आलं. काय आवाज होता! आधी घशातली घरघर, मग छातीतून निघालेला एकसलग घोष. समोरच्या फाउंड्रीच्या पत्र्यांनी त्याला साथ दिली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. गालांवर ओघळ आले तरी ते पुसेनात. मलाही अंगावर काटा आला, आणि मी काही आवाजांना भुलणारी बाई नाही.

मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून उभे होते. जुने मिस्त्री त्याची मूठ कानाला लावतात. मिस्त्रींनी ती दातांत धरली होती. बघणाऱ्यांना ती त्यांची काहीतरी खास तऱ्हा वाटली असणार. मला कळलं, ते आता दातांनी ऐकत होते. माझा आनंद तिथंच निम्मा झाला.

नदीवर जायचा दिवस ठरला. बावड्याच्या बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबून चांगलं रुंद होतं, हंगामात काठच्या उसाला तुरे आलेले असतात. मी बोटीची पूजा केली, हळदकुंकू लावलं, नारळ अण्णांनी फोडला. आमच्याकडं लेथसुद्धा नारळाशिवाय फिरत नाही. पूजा झाली की बाईनं बाजूला व्हायचं, तशी मी घाटाच्या पायऱ्यांवर गेले. निम्मं उद्यमनगर आलेलं होतं, कामाचा खाडा करून. अण्णा, मिस्त्री आणि बाबालाल बोटीत बसले. तिघांत अण्णा एकटेच दोघांच्या वजनाचे. बोटीनं मागून बूड टेकलं.

इंजिन संथ चालू होतं. अण्णांनी ओरडून विचारलं, "मिस्त्री, आवाज बरोबर हाय न्हवं?"

मिस्त्रींनी दाताखाली स्क्रू ड्रायव्हर धरला, आणि म्हणाले, "बरोबर हाय."

मी पायरीवरून ऐकत होते. त्या घोषाच्या तळाशी मला गुळगुळ ऐकू येत होती. हुक्क्यात असते तशी, बारीक, थांबून थांबून. अंगणात ती नव्हती. ती काय होती ते मला माहीत नव्हतं, पण ती असायला नको होती एवढं नक्की माहीत होतं. चार पायऱ्या उतरून हाक मारायची होती, बस्स. आणि मी मारली नाही. एवढ्या लोकांत, मिस्त्रींनी बरोबर म्हटल्यावर, त्यांच्या बायकोनं उठून चूक म्हणायचं? मग लोक विचारणारच, मिस्त्रींना कसं ऐकू आलं नाही? मी पदर घट्ट धरून गप्प उभी राहिले. आयुष्यात ज्या थोड्या वेळा मी तोंड मिटून घेतलं, त्यातली ही एक, आणि तिची मला आजही लाज वाटते.

बोट गेली ती अशी गेली की डोळ्यांनी तिला धरता येईना. मागं पाण्याची पांढरी वाट. बगळे खरंच उडाले. लोकांनी टोप्या उडवल्या. पार वळणापर्यंत जाऊन अण्णा परत फिरले आणि घाटासमोर आल्यावर, लोकांना दाखवायला म्हणून, त्यांनी वेग एकदम तोडला. बोट थांबली, पण तिच्यामागून येणारी लाट थांबली नाही. ती चढून मागच्या फळीवर आली आणि त्या सरळ, सखल, झडप नसलेल्या पाईपातून थेट आत शिरली. धप्प असा एक आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

दोरी टाकून बोट काठाला ओढली. प्लग काढून इंजिन फिरवलं तर चार भोकांतून पाण्याची कारंजी उडाली. आतलं काही वाकलं नव्हतं, मोडलं नव्हतं, एवढं नशीब. अण्णा एक शब्द वाकडा बोलले नाहीत. म्हणाले, "तहान लागली असंल पोरीला." पण माझ्या मागं उभा असलेला एक जण शेजाऱ्याला म्हणत होता, "मिस्त्रीचा कान गेला वाटतं रं. गुळगुळ तर मला बी ऐकू आली." मिस्त्री तिथून पाच हातांवर होते. त्यांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. मिस्त्री मागं पाटावर बसलेले. मी पाठमोरीच म्हटलं, "चहा ठेवू का आणखी?" उत्तर नाही. मी म्हटलं, "कोरड्यास काय करू?" उत्तर नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरी बायको करताय का?" मागं फक्त बशीचा आवाज. आधी मला हसू आलं, आणि मग भाकरीवरच डोळ्यांतलं पाणी पडलं. पिठाच्या हातांनी मी वळले आणि त्यांच्यासमोर बसले.

"तुमाला ऐकू येत न्हाई," मी म्हटलं. "वर्ष झालं. मला ठावं हाय. काल पाईपात पाणी गुळगुळत होतं, मी ऐकलं, आन् बोलले न्हाई. ती चूक माझी हाय. पर आता फुडं मी गप बसणार न्हाई."

मिस्त्री माझ्या ओठांकडं बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ताट फेकतील. "मला सगळं ऐकू येतंय," ते मोठ्यांदा म्हणाले, गरजेपेक्षा फार मोठ्यांदा. आणि उठून गेले. दोन दिवस आमच्यात अबोला. तसा तो त्यांना किती जाणवला, कोण जाणे!

त्या दोन दिवसांत ते भंगाराच्या ढिगात हात घालून बसले होते. रबराची झडप त्यांनी स्वतः शोधून काढली, धुतली आणि शेपटाला परत लावली. सखल पाईप कापला. धुराच्या वाटेला पुन्हा उंच मान केली, म्हणजे लाट आत शिरलीच तरी चढ चढून इंजिनापर्यंत पोचायची नाही. बाबालालला म्हणाले, "घाट उगं नसतोय बांधल्याला." गोव्याच्या त्या न पाहिलेल्या कारागिराची एवढी माफी त्यांनी मागितली. माझी मागितली नाही, आणि मीही वाट बघत नव्हते.

पैजेत काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव तिकडंच राहील. अण्णा हरले. बेळगावची बोट हलकी होती आणि तिचा मालकही. पण अण्णांची बोट शेवटपर्यंत न खोकता पळाली आणि आवाजात तिनं नदी जिंकली. हरल्याच्या आनंदात अण्णांनी सगळ्या उद्यमनगराला जेवायला बोलावलं. आमची माणसं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची स्वप्नं बघत गडहिंग्लजला गेली आणि पुढ्यात आली शेंगांची होळगी, म्हणजे दाण्याच्या कुटाची गोड पोळी. बाबालालनं सहा खाल्ल्या आणि वर तूप मागितलं. ती बोट पुढं बरीच वर्षं चालली, म्हणजे सायलेन्सर चालला, असंच मी म्हणणार.

आता आमच्या वर्कशॉपमध्ये पाईप वाकवायला मशीन आलंय, चुरमुऱ्याची वाळू कुणी मागत नाही. नव्या गाड्यांचे सायलेन्सर कंपनीतून बंद डब्यासारखे येतात आणि गाड्या इतक्या हळू बोलतात की मला त्या आजारी वाटतात. मिस्त्रींनी कानाचं मशीन घेतलंय, ते देवघराच्या खणात असतं, सणासुदीला बाहेर निघतं. ट्रॅक्टर मात्र अजून तसेच बोंबलत येतात. हंगाम आहे तोवर ते येतीलच, आणि मला त्यांची मुळीच काळजी वाटत नाही.

पण मी दर वर्षी आठवते ती पैज नाही, आणि ती होळगीही नाही. मला आठवते ती पैजेच्या आधीची दुसरी चाचणी.

तोच घाट, तीच माणसं, या वेळी जरा जास्तच. पडलेल्या माणसाला बघायला गर्दी नेहमी जास्त जमते. कान गेला वाटतं, हे वाक्य तोपर्यंत सगळ्या गल्लीत फिरून आलं होतं. मी पूजा केली आणि नेहमीसारखी पायऱ्यांकडं वळले. बोट पाण्यात उतरली, तिघं बसले, इंजिन संथ लागलं. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी तो क्षणभर तसाच धरला आणि फळीवर ठेवून दिला.

"शालन," ते ओरडले. "हिकडं ये."

मी जागची हलले नाही. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी परत हाक मारली. मग मी पायऱ्या उतरले, पदर खोचला, आणि अण्णांनी हात दिला, "या अक्का, बघून," म्हणाले, तशी बोटीत पाय टाकला. बोट डुलली. मला पोहता येत नाही हे त्या वेळी कुणालाच आठवलं नाही, मलाही नाही.

मिस्त्री काठावरच्या लोकांकडं तोंड करून उभे राहिले. आयुष्यभर जपलेलं नाव त्यांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर आपल्या हातानं खाली ठेवलं. म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. वर्ष झालं. पास का नापास ते ही सांगणार."

मी मागच्या फळीशी वाकले, पाईपापाशी कान नेला. गरम धुराचा आणि नदीच्या पाण्याचा वास नाकात शिरला. घोष मोकळा होता, भरदार होता. आणि त्याच्या खाली, झडपेच्या पार आत, मानेच्या उतारावर, अगदी बारीक, ते होतंच. गुळ. थांबून, परत गुळ.

मी वर बघितलं. अण्णांच्या चेहऱ्यावर आशा होती. बाबालालनं दोन दिवस डोळे जाळून ती मान शिवली होती. आणि मिस्त्री माझ्या ओठांकडं बघत होते. नुसतं ‘बरोबर हाय’ म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, नारळाचे तुकडे वाटले गेले असते आणि त्यांचं नाव तिथल्या तिथं परत उभं राहिलं असतं. मला तसं म्हणायची फार इच्छा झाली.

"नापास," मी म्हटलं. "आत थोडं पाणी येतंय अजून. मान आणखी दोन बोटं वर घ्या."

काठावर कुजबूज झाली. मिस्त्रींनी हात पुढं करून इंजिन बंद केलं, पाना उचलला, आणि बाबालालकडं वळून, माझ्या लग्नानंतर कधी ऐकला नव्हता इतक्या सरळ आवाजात म्हणाले,

"ऐकलंस न्हवं? दोन बोटं."